अनोळखी नगरीत भाविकाची सुरक्षितता

॥ श्री उत्तरेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव श्री उत्तरेश्वराच्या वास्तव्याने पावन झालेले आणि कुंकवाच्या निर्मितीसाठी ख्यातकीर्त असलेले आहे. दौंड-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान केमचे रेल्वे स्थानक लागते. श्रींचे दर्शन घेऊन कित्येक भाविक कुर्डुवाडीमार्गे पंढरपुरास जातात, कोणी सोलापुरास श्री सिद्धेश्वराच्या दर्शनास जातात, तर कोणी पुण्यामुंबईच्या देवस्थानांकडे वळतात. या पुढील प्रवासात, विशेषतः मोठ्या शहराच्या अपरिचित वस्तीत वावरताना, भाविकांनी कोणती दक्षता घ्यावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गावाची ओळख आणि शहराचे अनोळखीपण

खेडेगावात माणसाचे रक्षण त्याची ओळख करते. वाट चुकलेल्या मुलास पाहताच "हा अमक्याचा नातू" असे कोणीतरी म्हणते आणि त्यास घरी पोहोचविते. वृद्ध माणूस पारावर बराच वेळ एकटा बसलेला दिसला, तर विचारपूस होते. परका मनुष्य गावात शिरला, तर चार घरांतून त्याच्याकडे लक्ष जाते. हे सर्व इतके सहज घडते की, त्यास सुरक्षितता म्हणतात याचे भानही राहत नाही.

शहरात पाऊल ठेवताच ही ओळख गळून पडते. तेथील माणसे वाईट असतात असे मुळीच नाही. परंतु कोण कोणाचा, कोठे उतरलेला, कोठे जाणार, हे तेथे कोणासच ठाऊक नसते. म्हणून जी ओळख गावात आपोआप लाभते, ती शहरात जाताना शिदोरीप्रमाणे बांधून सोबत न्यावी लागते. पुढील सर्व सूचनांचे सार एवढेच आहे.

पत्ता पूर्ण असावा

पुणे शहर पेठांचे आहे. काही पेठांना वारांची नावे आहेत, तर सदाशिव, नारायण, नाना या पेठा व्यक्तींच्या नावाने ओळखल्या जातात. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती आणि श्री तांबडी जोगेश्वरी ही देवस्थाने बुधवार पेठेत, तर पुण्याचे ग्रामदैवत श्री कसबा गणपती कसबा पेठेत आहे. ही सर्व ठिकाणे पायी जाण्याइतकी जवळ असली, तरी गल्ल्या अरुंद, वाहनांची वर्दळ मोठी आणि कित्येक रस्ते एकेरी वाहतुकीचे आहेत. सन २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मेट्रोची कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही भुयारी स्थानके सुरू झाल्याने या भागात ये-जा करणे सुलभ झाले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बुधवार, शुक्रवार, मंगळवार आणि भवानी या नावांच्या पेठा पुण्यात आहेत, तशाच त्या सोलापुरातही आहेत. पुण्यातील "शुक्रवार पेठ" एवढ्या दोन शब्दांत तर कित्येक चौक आणि शेकडो वाडे सामावतात. पत्ता लिहून घेताना पेठ, चौक, जवळचे मंदिर वा शाळा आणि यजमानाचा दूरध्वनी क्रमांक या चारही गोष्टी कागदावर असाव्यात. भ्रमणध्वनीची बॅटरी संपते, यंत्र हरवते. कागद मात्र खिशात राहतो.

मुंबईत पत्त्याची रीत निराळी आहे. तेथे आधी रेल्वे स्थानक आणि मग पूर्व की पश्चिम हे सांगावे लागते. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांच्यामध्ये लोहमार्ग असल्याने चुकीच्या बाजूस उतरलेला माणूस पुलावरून उलटा येईपर्यंत दमून जातो. दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वे आहेत. सन २०२३ च्या डिसेंबरपर्यंत दोन्हींचे फलाट आपापल्या क्रमांकाने ओळखले जात. त्यामुळे "एक नंबरवर भेटू" असे ठरवूनही माणसे दोन निरनिराळ्या फलाटांवर वाट पाहत उभी राहत. आता मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ पासून पुढचे क्रमांक दिल्याने हा घोटाळा टळला आहे. तरीही भेटीची जागा ठरविताना फलाटाऐवजी तिकीट खिडकी, मोठे घड्याळ अथवा प्रवेशद्वार यांसारखी न हलणारी व दुरून दिसणारी खूण निवडावी.

पोहोचण्याची वेळ

सोलापूर मार्गावरील अनेक गाड्या रात्रीच्या आहेत. पहाटे दोन-तीनच्या सुमारास अनोळखी शहरात उतरणाऱ्या भाविकाने बाहेर पडण्याची घाई करू नये. स्थानकातील प्रतीक्षालयात, जेथे प्रकाश आहे, इतर कुटुंबे बसलेली आहेत आणि रेल्वे पोलिसांची फेरी होते, तेथे उजाडेपर्यंत थांबणे केव्हाही श्रेयस्कर. दर्शन दोन तासांनी होईल, पण निर्धास्तपणे होईल.

रिक्षा वा टॅक्सी करताना वाहनाचा क्रमांक पाहून घ्यावा आणि तो रिक्षावाल्यास ऐकू जाईल अशा आवाजात घरी कळवावा. "स्वस्तात खोली दाखवतो" म्हणून पिशवीस हात घालणाऱ्याच्या मागे जाऊ नये. निवासाची सोय शक्यतो निघण्यापूर्वीच, संबंधित देवस्थानाच्या कार्यालयाशी प्रत्यक्ष बोलून करावी. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून भाविकांकडून आगाऊ रक्कम उकळली जाते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने सन २०२५ मध्ये यात्रेकरूंना यासंबंधी जाहीर इशारा दिला होता. खोली मिळण्याआधी अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवू नयेत.

ओळखीचा आव आणणारे

शहरातील लबाड माणूस दरडावत येत नाही. तो काळजी घेणारा म्हणून येतो. त्याच्या काही ठरलेल्या युक्त्या आहेत. त्या माहीत असल्या की निम्मे काम होते.

पहिली युक्ती तोतया पोलिसांची. साध्या वेशातील दोघे वृद्धांस थांबवितात, "पुढे मोठा गुन्हा घडला आहे, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा" असे सांगतात आणि स्वतःच पुरचुंडी बांधून देतात. घरी जाऊन सोडावी, तर आत खडे निघतात. खरा पोलीस रस्त्यावर कोणासही दागिने काढावयास लावीत नाही. असे कोणी म्हणाल्यास जवळच्या दुकानात शिरावे आणि "पोलीस ठाण्यात चला, तेथे देतो" एवढेच उत्तर द्यावे.

दुसरी युक्ती दानधर्माची. "शेठजींना मुलगा झाला, साड्या आणि धान्य वाटत आहेत; गळ्यातले काढून ठेवा, गरीब दिसलात तरच मिळेल" असे सांगून माताभगिनींचे मंगळसूत्र लांबविले जाते. जे दान घेण्यासाठी सौभाग्यलेणे उतरवावे लागते, ते दान नव्हे, एवढे स्मरणात ठेवावे.

तिसरी युक्ती प्रसादाची. प्रवासात ओळख वाढवून गुंगीचे पदार्थ खाऊ घालण्याचे प्रकार घडतात. प्रसादास नाही म्हणणे जड जाते, हे लबाडांना ठाऊक असते. अशा वेळी प्रसाद कपाळी लावून पदरात बांधावा आणि "देवापुढे ठेवून घेऊ" असे म्हणावे. त्यात श्रद्धेचाही मान राहतो आणि जीवही सुरक्षित राहतो.

देणगीदारांसाठीही एक विनंती आहे. देवस्थानाच्या नावाने पावतीपुस्तक घेऊन रस्त्यात वा गाडीत फिरणाऱ्याकडे देणगी देऊ नये. देणगी मंदिराच्या कार्यालयातच द्यावी आणि छापील पावती मागून घ्यावी. पावती मागण्यात अविश्वास नाही. अर्पण केलेले द्रव्य देवापर्यंत पोहोचले याची ती खूण आहे.

गर्दीचे बळ

चोरीने धन जाते; गर्दीने प्राण जातात. महाराष्ट्राने याचे दुःख वारंवार सोसले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या मार्गावर ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, पाठोपाठ दुकानांना आगी लागल्या आणि सुमारे तीनशे जीव गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर पावसामुळे माणसे खोळंबली आणि चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. सन २०१८ मध्ये प्रभादेवी असे नामकरण झालेले हे स्थानक श्री सिद्धिविनायकाच्या दर्शनास जाणाऱ्यांच्या नित्य वाटेवरील आहे.

तिन्ही ठिकाणी कारणे निराळी होती, पण जागेची घडण सारखीच : अरुंद वाट, उतार अथवा जिना, आणि मागून येणाऱ्यांना पुढे काय घडले हे न दिसणे. अशा गर्दीत माणसे मुख्यतः तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली गेल्याने श्वास कोंडून मरतात. एका चौरस मीटर जागेत पाच-सहा माणसे दाटली की पावले स्वतःच्या इच्छेने उचलता येत नाहीत. पाण्याच्या लाटेप्रमाणे जमाव माणसाला वाहून नेतो. शेजाऱ्याचे अंग दोन्ही बाजूंनी सतत लागू लागले, की तोच बाहेर पडण्याचा क्षण समजावा. त्यानंतर फार उशीर होतो.

बाहेर पडताना प्रवाहाच्या उलट जाऊ नये. लाट ओसरली की तिरक्या चालीने कडेला सरकावे. दोन्ही हात कोपरांत दुमडून छातीसमोर धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लहान मुलास खांद्यावर घ्यावे. पडलेली चप्पल, पिशवी वा नाणे उचलण्यासाठी वाकू नये. कोणी पडल्यास आसपासच्यांनी त्यास तत्काळ उभे करावे. स्वतः पडल्यास आणि उठता न आल्यास कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी डोके झाकावे. पूल वा जिन्यावर माणसे खोळंबलेली दिसल्यास दहा मिनिटे फलाटावर थांबावे. आषाढी-कार्तिकीस पंढरपुरातील प्रदक्षिणा मार्गावर, संक्रांतीस सोलापुरातील नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि महाशिवरात्रीस कोणत्याही शिवालयाच्या दारी हाच नियम पाळावा. कळसाचे दर्शन दुरून घेतले तरी यात्रा पूर्ण होते, ही आपल्या परंपरेचीच शिकवण आहे.

चुकामूक झाल्यास

निघतानाच कुटुंबात एक नियम ठरवावा : चुकलेल्याने शोधत फिरू नये, ठरलेल्या खुणेपाशी थांबावे, शोधणाऱ्याने तेथे यावे. दोघेही फिरू लागले, तर भेट होत नाही. मुलांच्या व वृद्धांच्या खिशात नाव, गाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. विस्मरणाचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांच्या सदऱ्याच्या वा झंपराच्या आतील बाजूस ती शिवून टाकावी. सकाळी निघताना सर्वांचे एक छायाचित्र काढावे. त्या दिवशी कोणी कोणते वस्त्र नेसले होते, हे त्यात दिसते.

प्रयागच्या मेळ्यात सन १९४६ पासून राजाराम तिवारी यांनी "भूले भटके शिबिर" चालविले आणि अखेरपर्यंत हरवलेल्यांना त्यांच्या आप्तांपर्यंत पोहोचविले. त्यांचे मुख्य साधन ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारणे हेच होते. म्हणून लहान मुलास केवळ "आई" आणि "बाबा" न शिकविता आईवडिलांचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव तोंडपाठ करवावे.

साहाय्यासाठी

संकटकाळी ११२ या क्रमांकावर पोलीस, अग्निशमन व अन्य तातडीची मदत मिळते. रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वे प्रवासातील तक्रारीसाठी १३९, हरवलेल्या वा एकट्या बालकासाठी १०९८ आणि दूरध्वनी वा संगणकाद्वारे झालेल्या आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. फसवणुकीची तक्रार जितक्या लवकर होईल, तितकी रक्कम थांबविली जाण्याची शक्यता अधिक असते. गुन्हा कोठेही घडला असला, तरी प्रथम खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. "हद्द आमची नाही" हे उत्तर ऐकून प्रवाशाने परत फिरू नये.

वाट विचारावयाची झाल्यास स्वतःहून पुढे येणाऱ्यास विचारण्यापेक्षा आपण निवडलेल्या माणसास विचारावी. औषधाचा दुकानदार, फुलवाली, वाहतूक पोलीस, बसचा वाहक, मंदिरातील पुजारी ही एका जागी बांधलेली माणसे असतात. त्यांना खोटे सांगून पळून जाता येत नाही आणि बहुतेकांना वाट सांगण्यात आनंदच वाटतो. शहर मोठे असले, तरी त्यातील प्रत्येक चौक हे एक लहान गावच असते. त्या गावातील जाणता माणूस शोधता आला, की अनोळखीपण बरेचसे सरते.

सावधपणा हा श्रद्धेचा विरोधी नाही. घरी वाट पाहणाऱ्यांकडे सुखरूप परतणे हाही यात्रेचाच भाग आहे. सर्व भाविकांचा पुढील प्रवास निर्विघ्न होवो, हीच श्री उत्तरेश्वराच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥