हेलिकॉप्टर उडायच्या ऐवजी गरगर का फिरतं?

प्रश्न : ४५० आकाराचं, बॅटरीवर चालणारं रिमोट हेलिकॉप्टर किट आणून घरीच जोडलं. मोटरचा वेग वाढवला की जमिनीवरून सुटता सुटताच ते स्वतःभोवती गरगर फिरतं आणि आडवं होतं. जायरो बदलावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यात बदलू नका. जायरो बहुधा धडधाकट आहे, पण उलट्या दिशेनं काम करतो आहे.

या आकाराच्या बहुतेक मॉडेल्सचा मुख्य पंखा, वरून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून हेलिकॉप्टरचं धड उलटीकडे, म्हणजे नाक डावीकडे वळू पाहतं. ते अडवायला शेपटीचा पंखा. इगोर सिकोर्स्कीच्या १९३९च्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरमध्येही हेच काम शेपटीच्या पंख्याकडे होतं. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पायलट पेडल दाबून हा तोल सांभाळतो. मॉडेल मात्र इतकं हलकं की आपलं बोट स्टिकवर हलेपर्यंत ते वळून मोकळं होतं. म्हणून ही राखण जायरोकडे दिलेली असते. नाक डावीकडे सरकलं की त्यानं शेपटीच्या सर्व्होला ‘उजवीकडे’ सांगायचं. दिशा उलटी लागली असेल तर तो ‘आणखी डावीकडे’ सांगतो. वळण वाढतं, तसा त्याचा जोरही वाढतो.

तपासणी घरात टेबलावर होते. आधी मोटरच्या तिन्ही वायरी काढून त्यांची टोकं एकमेकांना टेकणार नाहीत अशी ठेवा. ही पायरी गाळू नका. जेमतेम ७० सेंटिमीटर व्यासाचा हा पंखा मिनिटाला २,५०० फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास धावत असतं.

आता मुख्य पंखा हातानं घड्याळाच्या दिशेनं फिरवा. शेपटीच्या पात्यांची जाड, गोलसर कड पुढे जायला हवी. पातळ कड पुढे जात असेल तर एक तर पाती उलटी बसली आहेत, नाही तर शेपटीच्या दांड्यातल्या पट्ट्याला चुकीच्या बाजूनं पीळ पडला आहे. हे ठीक असेल तर बॅटरी जोडा आणि जायरो सुरू होईपर्यंत मॉडेल हलवू नका. मग रडरची स्टिक उजवीकडे द्या. शेपटीची पाती अशी तिरपी व्हायला हवीत की फिरताना हवा उजवीकडे फेकतील. त्यानं शेपूट डावीकडे आणि नाक उजवीकडे जातं. तसं होत नसेल तर रिमोटमध्ये रडर चॅनल रिव्हर्स करा.

या वेळी शेपटीची पाती तिरपी करणारा स्लायडर कुठल्या बाजूला सरकला ते लक्षात ठेवा. स्टिक सोडा, मॉडेल उचला आणि नाक झटकन डावीकडे फिरवा. स्लायडर त्याच बाजूला सरकला तर जायरो बरोबर आहे. विरुद्ध बाजूला गेला तर तुमचा आजार सापडला: जायरोवरचा रिव्हर्सचा स्विच बदला आणि हीच तपासणी पुन्हा करा. नाकाची दिशा धरून ठेवणारी जायरोची हेडिंग-होल्ड पद्धत चालू असताना स्टिक सोडल्यावरही सर्व्हो एका टोकाला जाऊन बसतो. तो दोष नाही, त्या पद्धतीचा स्वभावच आहे.

यानंतर उरतील त्या किरकोळ तक्रारी. शेपटी सावकाश एकाच बाजूला सरकत राहिली तर सर्व्होच्या दांडीची लांबी जुळवा. ती कुत्र्यासारखी हलत राहिली तर जायरोचा गेन, म्हणजे संवेदनशीलता, थोडा कमी करा.

वायरी परत जोडल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, पाच-सहा मीटर लांब उभं राहून घ्या. बोट थ्रॉटल-होल्डच्या स्विचवर ठेवा आणि पाय जेमतेम हलके होतील एवढाच वेग द्या. तेवढ्यातही नाक आपोआप जोरात वळू लागलं तर उचलायचा मोह टाळा. स्विच ओढा, मोटर बंद करा आणि पुन्हा टेबलावर या.