फुटलेला पिस्टन भंगारात टाकू नका

ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन चढाला टकटक करू लागलं, ब्रीदरमधून धूर मारू लागलं. गॅरेजात हेड काढलं तर तीन नंबरच्या पिस्टनला माथ्यावर तडा. नवा पिस्टन, लायनर, रिंगा पडल्या. जुना भंगारात गेला. हंगाम संपायच्या आत त्याच सिलिंडरचा पिस्टन पुन्हा फुटला. दोन्ही वेळा उत्तर एकच, 'माल डुप्लिकेट असणार.'

वाईट माल दोन्ही वेळा नेमका तीन नंबरलाच कसा जाईल? हे मला पटेना. दुसरा पिस्टन मी भंगारात जाऊ दिला नाही. तो घेऊन तालुक्याच्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी पिस्टन पुसूही दिला नाही. उन्हात धरून निरखला. माथ्यावर जो खळगा असतो, ज्यात डिझेल पेट घेतं, त्याच्या काठावरून तडा निघाला होता. शेजारी धातू खाल्लेला, खडबडीत. खालच्या बाजूला ऑइल जळून काळं घट्ट झालेलं. "नोझल काढून आणा," ते म्हणाले. टेस्टरवर बाकीची नोझलं बारीक फवारा मारत होती. तीन नंबरचं मात्र एका भोकातून सरळ धार सोडत होतं आणि हँडल सोडल्यावरही टोकाला थेंब लोंबत होता. ती धार माथ्यावर एकाच जागी जळत राहते. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळतं, पण पिस्टनचा जोर 300 च्या पुढेच झपाट्याने उतरतो. रोजच्या तापण्या-निवण्यात काठाला चीर पडते आणि वाढत जाते. नोझल तसंच ठेवून नवा पिस्टन टाकला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

तडा कुठे आहे, यावर सगळं ठरतं. गजन पिनच्या भोकातून वर चढलेला तडा म्हणजे सिलिंडरमधला दाब हद्दीबाहेर गेला. पंपाचं टायमिंग पुढे आहे का, ओढ वाढावी म्हणून डिझेल वाढवलंय का, ते तपासा. खालचा घेर फुटला असेल तर लायनरचा गाळा मोजा, पिस्टन आपटत असतो. चारी बाजूंनी ओरखडे असतील तर रेडिएटर, पाण्याचा पंप, बेल्ट बघा. कनेक्टिंग रॉड वाकलेला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी आलं होतं का, ते आधी शोधा. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा दिसल्या, तर तडा एका झटक्यात गेलेला नाही, हळूहळू वाढलेला आहे.

इंजिन खोलताना समोर उभे राहा. पिस्टनवर सिलिंडरचा नंबर आणि रेडिएटरकडची बाजू रंगाने खुणावून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, धुऊ देऊ नका. आणि सगळी नोझलं टेस्टरवर लावून, पंपाचं टायमिंग बघून झाल्याशिवाय नवा सेट बसवू देऊ नका.