जुन्या जीपचे बसलेले पाटे : कमी खर्चात दुरुस्ती कशी करावी?



ऊस विकास विभागाच्या या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाण्याविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा, पण शेताच्याच कामाचा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ सभासदांच्या दारात अजून जुनी जीप उभी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली विलिस जीपची जुळणी आपल्या देशात सुरू केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपा पुढे आणि मागे पोलादी पाट्यांवरच उभ्या असतात. इंजिन ठणठणीत, पण गाडी मागून बसलेली किंवा एका अंगाला कललेली, असे चित्र आम्हांस गटागटांत दिसते. हंगामात सवड मिळत नाही, म्हणून हे काम हंगामापूर्वी उरकलेले बरे.

पाटे बसतात का?

पाटा म्हणजे बाक दिलेली स्प्रिंग पोलादाची पट्टी. असे लहानमोठे पाटे एकावर एक रचून सेंटर बोल्टने एकत्र बांधतात आणि यू-बोल्टने ॲक्सलला आवळतात. वजन आले की बाक सरळ होतो, वजन गेले की परत येतो. वर्षानुवर्षे जादा ओझे पडले की बाक पूर्ण परत येत नाही. मधे चिखल-पाणी शिरून गंज धरतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात.

हिशेब करून पाहा. युरियाचे पोते आता ४५ किलोचे येते. दहा पोती म्हणजे ४५० किलो. वर चार माणसे बसली की आणखी अडीचशे किलोच्या आसपास. बेण्याच्या मोळ्या तर कुणी मोजतच नाही. आपल्या गाडीला किती वजन मंजूर आहे ते नोंदणी पुस्तकात पाहावे, आणि त्यावरचे ओझे ट्रॉलीत घालावे. हे केले नाही तर नवे पाटेही बसणारच.

दोष ओळखावा कसा?

१. चारही चाकांत सारखी हवा भरून रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून वहीत लिहावी. सेंटीमीटरभर फरक सोडून द्यावा. त्याहून जास्त असेल तर शोध घ्यावा.

२. शॅकल पाहावा. पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि शॅकल बाहेर कलतो. दोन्ही बाजूंचे शॅकल ताडून पाहिले की बसलेली बाजू लगेच कळते.

३. तुटलेला पाटा, हललेला सेंटर बोल्ट, झिजलेले बुश आणि सैल यू-बोल्ट बॅटरीच्या उजेडात नीट तपासावे.

४. तरीही शंका राहिली तर डाव्या-उजव्या बाजूंचे पाटे आपसांत बदलून पाहावे. उतार दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यात. जागेवरच राहिला तर चॅसी किंवा पाट्याचे कान वाकले असावेत, असे समजावे.

इथे एक गैरसमज दूर करावा लागेल. गाडी बसली की कित्येक जण आधी शॉकअप बदलतात. साधा तेलाचा शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. तो फक्त उसळी आवरतो. गाडीचा कोपरा दाबून सोडावा. एकदोनदा हलून थांबली तर शॉकअप ठीक, झुलतच राहिली तर तो गेला. पण गाडीची उंची काही त्याने वाढत नाही. म्हणजे पैसे जातात आणि गाडी बसलेली ती बसलेलीच!

उपाय : स्वस्तापासून महागापर्यंत

पहिला उपाय, पाटे खोलून साफ करणे. गंज तारेच्या ब्रशने काढावा, ग्रॅफाइट ग्रीस लावावे, बुश आणि पिना नव्या घालाव्या. उंची फारशी वाढणार नाही, पण कुरकुर आणि ताठरपणा जातो.

दुसरा, पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेणे. हे काम जाणकार पाटेवाल्याकडेच द्यावे. थंड ठोकून दिलेला बाक काही काळाने पुन्हा उतरू शकतो. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवलेला पाटा तर मऊच पडतो. गरम करायचा तर ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवणे आणि नंतर ४०० ते ५५० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवणे ही रीत आहे. ती सोय ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे जाऊ नये.

तिसरा, एक जादा पाटा घालणे. तो त्याच रुंदीचा आणि थोडा जास्त बाकाचा असावा, व दोन्ही बाजूंना सारखाच घालावा. जाडीकडे लक्ष ठेवावे, कारण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो जवळपास २.४ पट ताठ होतो. मग रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर माणसांची हाडे खिळखिळी करील.

चौथा, पाटे तुटले किंवा तडकले असतील तर नवा संच घेणे. तो जोडीनेच बदलावा. भंगारातले पाटे स्वस्त वाटतात, पण त्यांतला थकवा डोळ्यांना दिसत नाही.

हे मात्र करू नये

तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवू नये. जोडाच्या शेजारी तो पुन्हा तुटतो. पुढच्या पाट्याखाली लाकडाचा ठोकळा घालू नये. शॅकल लांब करून गाडी उंच करू नये. शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी साधारण एकच इंच उचलते, आणि पुढच्या चाकांचा कोन बदलून स्टिअरिंग भरकटते. घरातली लेकरे याच गाडीत बसून शाळेला जातात, हे विसरू नये.

काम करताना

चाकांना उटी लावून गाडी भक्कम घोड्यांवर, चॅसीखाली आधार देऊन ठेवावी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी पाटे क्लॅम्पने आवळावे, नाही तर ते उसळून हातावर बसतात. यू-बोल्ट नवे घ्यावे आणि आलटून-पालटून समान आवळावे. रबरी बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर आल्यानंतरच शेवटी घट्ट करावे. १०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावे आणि ५०० नंतर आणखी एकदा. सैल यू-बोल्टमुळेच सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकते आणि गाडी रस्ता सोडते. उंची बदलल्यावर ब्रेकची नळी ताणली नाही ना, हेही पाहावे.

खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी गाडी तपासली जाते. पाटे नीट असतील तर तिथे मान खाली घालावी लागत नाही.

सारांश असा : आधी मोजा, मग खोला, आणि शेवटी खर्च करा. जे पैसे वाचतील ते ठिबकाला किंवा चांगल्या बेण्याला लागोत, हीच इच्छा.

— ऊस विकास विभाग