इंडिकेटर बिघडला? पार्ट घेण्याआधी पाच मिनिटं द्या



तुमचा टिफिनचा व्यवसाय असो, केकचा असो की किराणा डिलिव्हरीचा, गाडी हे तुमचं मशीन आहे. इंडिकेटर बंद असताना वळलात आणि मागून बाईकवाला आला, तर नुकसान फक्त मालाचं होत नाही. पण त्यासाठी अख्खा दिवस गाडी गॅरेजला लावायची गरज नसते. व्हिडिओत करून दाखवलंय, इथे क्रम लिहून देतोय. गाडीपाशी उभं राहून मोबाईलवर उघडा.

एकच नियम लक्षात ठेवा: आधी लक्षण, मग पार्ट.

१. बघा आणि ऐका
हँडब्रेक लावा, चावी ऑन करा. डावा इंडिकेटर द्या, खाली उतरून पुढे, बाजूला, मागे बघा. मग उजवा. नेहमीचा वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा असतो. एकाच बाजूला टिकटिक फार जोरात होतेय? मग त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय, असं धरून चाला. बल्ब गेला की करंट कमी होतो, आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो.

२. हॅझर्डचं बटण दाबा
ही चाचणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते.
- हॅझर्डला चारही दिवे लागतात, पण दांड्याने इंडिकेटर लागत नाही: बल्ब ठीक आहेत. इंडिकेटरचा फ्यूज किंवा स्टेअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच तपासायचा.
- दोन्ही प्रकारे काहीच लागत नाही: आधी फ्यूज, मग फ्लॅशर रिले.
- दोन्ही प्रकारे एकच दिवा लागत नाही: त्या दिव्याचा बल्ब, होल्डर किंवा वायर.

३. बल्ब
चावी बंद करा. बल्ब गरम असतो, फडक्याने धरा. थोडा दाबून फिरवला की निघतो. आतली तार तुटलीय का, काच काळी पडलीय का, बघा. बहुतेक गाड्यांत पुढे-मागे १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब असतो. नारिंगी बल्बच्या दोन पिना समोरासमोर नसतात, थोड्या तिरप्या असतात. म्हणून दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या, फेरी वाचेल.

४. होल्डर आणि अर्थ
बल्ब चांगला आहे तरी पेटत नाही? होल्डरमध्ये हिरवा-पांढरा गंज दिसेल. पावसाळ्यानंतर हे हमखास. पॉलिश पेपरने घासा. इंडिकेटर दिल्यावर शेजारचा दिवाही लुकलुकत असेल, तर अर्थची वायर सैल किंवा गंजलेली असण्याची शक्यता जास्त.

५. फ्यूज
फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात नंबर दिलेला असतो. उडालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बदला. मोठा फ्यूज किंवा तार लावू नका. फ्यूज उडतो म्हणून वायरिंग वाचतं. तार लावली की वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे थांबा.

दोन इशारे. साध्या बल्बच्या जागी एलईडी टाकला की तो करंट कमी घेतो, म्हणून चांगला असूनही टिकटिक वेगाने होते. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत फ्लॅशरचं काम कॉम्प्युटर करतो. तिथे बल्ब आणि फ्यूजच्या पुढे घरी जाऊ नका.

यात धंद्याचं काय?
ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन "इंडिकेटर चालत नाही" म्हणालात, तर शोधण्याची मजुरी तुम्ही देणार. "हॅझर्ड चालतो, फ्यूज ठीक आहे, फक्त दांड्याने लागत नाही" म्हणालात, तर तो थेट स्विचला हात घालेल. वेळ त्याचा वाचतो, पैसे तुमचे.

डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन बल्ब, तीन-चार फ्यूज आणि एक छोटी वही ठेवा. वहीत तारीख, लक्षण आणि बदललेला पार्ट लिहा. तोच बल्ब दोन महिन्यांत पुन्हा गेला, तर दोष बल्बचा नसून दिव्यात शिरणाऱ्या पाण्याचा किंवा सैल होल्डरचा असेल. वही नसेल तर हे कळणारच नाही, तुम्ही बल्बच घेत राहाल.

उद्या सकाळी पहिली डिलिव्हरी निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. आणि गाडी ड्रायव्हर चालवत असेल, तर हा क्रम त्यालाही शिकवा.