आजचं चिंतन : जनाईच्या जात्यापाशी दुसरं कोण बसलंय?



या आठवड्यात आपण संत जनाबाईंचे दळण-कांडणाचे अभंग वाचतोय. आजचं वाचनही तेच. पण आज मला त्या जात्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघायचं आहे, आणि ओघात थोडं माझंही सांगायचं आहे. ज्यांना फक्त अभंगाचा अर्थ हवाय त्यांनी मधला भाग सोडून दिला तरी राग नाही.

जनाबाई पंढरपूरच्या, असं पुण्यात बऱ्याच जणांना वाटतं. त्या मूळच्या गंगाखेडच्या, म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या. (हे सांगायची संधी परभणीचा माणूस सोडत नाही.) आईवडील दमा आणि करुंड. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर तिथेच राबल्या. आज त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात.

हे अभंग सलग वाचले की एक गोष्ट लगेच जाणवते. ही बाई स्वतःबद्दल बोलते. मला किती काम पडतं, माझं मागेपुढे कुणी नाही, मी थकले, हे ती सरळ सांगते. राग आला तर विठोबालाही सोडत नाही, चक्क शिव्याशाप देते. तेराव्या-चौदाव्या शतकातली एक दासी ‘मी’ म्हणून आपलं मन उघडं करते, आणि सातशे वर्षं आपण ते देवासमोर गातोय. यात तिला कमीपणा आला, असं आपल्यापैकी कुणाला वाटतं का?

आता विठोबाकडे बघा. तिचं गाऱ्हाणं ऐकून तो येतो आणि दळायला बसतो. तुझं प्रारब्धच असं आहे बाई, किंवा जरा सकारात्मक विचार कर, असं तो म्हणत नाही. ज्यांनी जातं फक्त लग्नाच्या हळदीत पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते : मोठं जातं एकटीने ओढणं फार जड जातं. म्हणून दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि दगड फिरू लागतो. विठोबा बसतो ती ही समोरची जागा.

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते उगीच नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं त्यात आहे. चारचौघांत जे बोलता येत नव्हतं ते पहाटेच्या अंधारात, समोर खुंटा धरून बसलेल्या बाईला सांगता यायचं. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्यांचे हाल थांबले, ते फार बरं झालं. पण दळणासोबत ती सांगायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी मला रोज पहाटे तीनला जाग यायला लागली. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. ऑफिसचं काम कसंबसं व्हायचं, पण हरिपाठाला बसलं की अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून जायची. जेवण नको, फोन नको, कुणी नको. आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल, असा विचार दिवसातून कितीदा तरी यायचा. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या सुरू केल्या आणि समुपदेशनही. घरी परभणीला एवढंच ठरलं की कुणी विचारलं तर पित्ताच्या गोळ्या आहेत म्हणायचं. लग्नाचं वय, लोक काय म्हणतील, वगैरे. तुम्हाला ठाऊक आहे.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आजी तूर डाळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि खडे वेचू लागले. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, “गोळ्या कशाच्या हायेत माय? पित्ताच्या नाहीत त्या.” मग मी सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “मला बी झालतं आसं. तुह्या काकाच्या वक्ताला.”

दुसऱ्या बाळंतपणानंतर कितीतरी महिने तिला लेकरू जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं. रडू थांबत नव्हतं. विहिरीकडे पाणी आणायला गेली की भीती वाटायची. स्वतःचीच. घरच्यांनी ‘बाहेरचं’ आहे म्हणून देवऋषाकडे नेलं, अंगारे झाले, लिंबू उतरवून झाले. “पर तुला काय व्हतंय, हे कोन्ही इचारलंच नाही,” आजी म्हणाली. पन्नासहून जास्त वर्षं ही गोष्ट तिच्याजवळ तशीच पडून होती. माझ्या बाबांना माहीत नव्हती, ज्यांच्या वेळी हे झालं त्या काकांनाही नाही.

बाळंतपणानंतर येणारं नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, हे मी तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “म्हंजी माहा काही गुन्हा नव्हता?”

(हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. नाव टाकायचं नाही, या अटीवर.)

पुण्यात आमच्या भजनी मंडळातही मी नंतर हे बोलले. एका ताईंनी लगेच सांगितलं, नाम कमी पडतंय, मन लावून घे. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण हे मला पटत नाही. मधुमेह झालेल्या माळकऱ्याला आपण इन्सुलिन सोड आणि नाम वाढव असं सांगत नाही. मी नाम घेते आणि गोळीही घेते. उलट गोळ्या लागू पडल्यावरच हरिपाठात मन परत बसायला लागलं. त्याच रात्री मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. त्याचा भाऊ चार वर्षं खोलीतून फारसा बाहेर पडलेला नव्हता, आणि मित्रांना तो ‘भाऊ बाहेरगावी असतो’ असं सांगायचा.

तुकोबांनी स्वतःची कहाणी सांगितली तो अभंग आठवतो का? खरं तर हे सांगू नये, पण तुम्ही संतांनी विचारलं म्हणून सांगतो, अशा सुराने ते सुरुवात करतात. मग दुष्काळ, आईवडिलांचा मृत्यू, अन्नावाचून गेलेली बायको, बुडालेला धंदा, लोकांतली लाज, सगळं येतं. १६३०च्या आसपासचा तो भीषण दुष्काळ इतिहासाच्या पुस्तकांतही आहे, पण त्यात माणसाच्या मनाचं काय झालं ते आपल्याला या अभंगातून कळतं. आणि तो अभंग आपल्यापर्यंत आला, कारण कुणीतरी आधी विचारलं होतं. एक मात्र जपायला हवं : संतांच्या दुःखाला आजच्या आजारांची नावं चिकटवू नयेत. जनाबाईंना नैराश्य होतं, असं मी म्हणत नाहीये, कृपया कुणी तसं पुढे पाठवू नका. मी फक्त त्यांचं सांगणं आणि विठोबाचं ऐकणं बघतेय.

आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे डॉ. जगन्नाथ वाणी. कॅनडात कॅल्गरीला ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातली ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली ती त्यांच्यामुळे, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचा आधार होता. अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया असलेला शेष साकारला आहे. पाहिला नसेल तर एखाद्या रविवारी घरच्यांसोबत बसून बघा, आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून उठू नका.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) सांगतं की देशात साधारण दहातल्या एका प्रौढ माणसाला उपचाराची गरज असलेला मानसिक आजार आहे, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आमच्या परभणीसारख्या शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत शासनाने ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. त्यात गावातल्या आशाताईने घरोघरी जाऊन माणसाची विचारपूस करायची असते. कागदावर ही छोटी गोष्ट दिसते, पण आजीचं वाक्य ऐकल्यापासून मला ती छोटी वाटत नाही.

यावर तुमच्यातले काही जण विचारतील, मग सगळ्यांनी सगळं सांगून टाकायचं का? नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कुणाला, कधी, किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट त्याला न विचारता प्रवचनात दृष्टांत म्हणून वापरणं तर अजिबात नको. सांगताना आधी एकच माणूस निवडा, मध्ये न बोलणारा. आणि तुम्ही ऐकणारे असाल, तर उपाय सुचवायची घाई करू नका. पण समोरचा जीव देण्याचं बोलला, तर ती गोष्ट पोटात ठेवू नका. त्याच्याजवळ थांबा, घरातल्या जबाबदार माणसाला सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, रात्रंदिवस सुरू असते, मराठीतही बोलता येतं.

आजची साधना : घरात किंवा मंडळात जे माणूस अलीकडे गप्प झालंय त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. निदान दहा मिनिटं तरी.

उद्या जनाबाई विठोबावर रागावतात ते अभंग घेऊ. गाथा जवळ ठेवा.

राम कृष्ण हरी.