धडगावला रुजू होताना

चि. गार्गीस,


गटशिक्षणाधिकारी म्हणून तुझी धडगावला नेमणूक झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. एवढी परीक्षा दिली आणि तालुका मात्र डोंगरातला मिळाला, अशी थोडी खंत तिच्या बोलण्यात होती. मला मनापासून आनंद झाला. माझी बहुतेक नोकरी सातपुड्यात गेली, आधी शिक्षिका म्हणून आणि शेवटी केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळे या पत्रात अभिनंदन थोडं आणि सांगणं जास्त आहे, ते ऐकून घे.

तुझ्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर एक घर या टेकडीवर असतं, दुसरं पलीकडच्या उतारावर. शाळा दोन खोल्यांची आणि पहिली ते चौथीचे वर्ग दोघा शिक्षकांत वाटलेले. त्यातला एक जण कामासाठी तालुक्याला उतरला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. दुसरं पद रिक्त असेल तर त्या दिवशी शाळेला कुलूप. सपाटीवरचा शिक्षक पंचायत समितीत जाऊन दुपारपर्यंत परततो. भादल, उडद्या अशा नर्मदाकाठच्या गावातून निघालेल्याचा अख्खा दिवस जातो, पावसाळ्यात दोनही जातात. म्हणून कुठल्याही पत्रावर सही करण्याआधी स्वतःला विचार, की यासाठी वरून कोणाला खाली यावं लागणार आहे का? दुर्गम शाळेच्या शिक्षकाचा मान राखायचा असेल, तर आधी त्याला त्याच्या वर्गात राहू दे.

सगळ्यात जास्त दिवस कशात जातात, ते मी जवळून पाहिलं आहे. सेवापुस्तकातली राहिलेली नोंद, वैद्यकीय बिल, भविष्य निर्वाह निधीतली उचल, वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव, आणि शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी झाल्यावर निघायचा नियमित वेतनश्रेणीचा आदेश. यातलं काहीही मेहेरबानीचं नाही, सगळं हक्काचं आहे. तरी माणूस चकरा मारतो. साहेब मीटिंगला गेलेत, बाबू रजेवर आहेत, फाइल वर गेली आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये मानधन होतं, मग ते १६,००० झालं. त्यातून खोलीचं भाडं, पेट्रोल आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे निघतात. अशा मुलाचा आदेश चार महिने रखडला तर त्याच्या घरात काय होतं, हे तुझ्या टेबलावरच्या फाइलला दिसत नाही. तू मात्र ते पाहायचं आहेस.

यावर उपाय आहे आणि त्याला वेगळा निधी लागत नाही. शिक्षण परिषदेच्या दिवशी केंद्रातले सगळे शिक्षक तसेही केंद्रशाळेत जमतात. त्या दिवशी आस्थापनेचा लिपिक सेवापुस्तकं घेऊन तिथेच बसव. नोंदी समोरासमोर घ्यायच्या, बिलातल्या त्रुटी तिथेच सांगायच्या, प्रस्ताव तिथेच स्वीकारायचे आणि पोच द्यायची. दर महिन्याला एक केंद्र घेतलंस तरी चकरा निम्म्यावर येतील. लिपिक कुरकुर करतील. पहिल्या वेळी तू स्वतः तिथे बस, मग कुरकुर कमी होते.

शिक्षकाचे दिवस खाणारा दुसरा मोठा चोर म्हणजे माहिती. यू-डायस आणि सरल या शासनाच्या प्रणालींत आधीच भरलेली पटसंख्याच पुन्हा वेगळ्या तक्त्यात, ‘आजच्या आज’ असा शेरा मारून मागवली जाते. ज्या पाड्यावर मोबाइलची रेंज फक्त एका टेकाडावर मिळते, तिथला शिक्षक वर्ग सोडून त्या टेकाडावर जाऊन उभा राहतो. तुझ्याकडे गट साधन केंद्र आहे, विषयतज्ज्ञ आहेत, डेटा भरणारे कर्मचारी आहेत. जी माहिती कार्यालयात आहे ती शाळेकडे मागायची नाही, हा नियम पहिल्याच आठवड्यात घालून दे. वरून आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा शिक्षकांच्या ग्रुपवर ढकलणं हे अधिकाऱ्याचं काम नव्हे. तो आधी वाचायचा, त्यातलं शाळेने खरंच काय करायचं ते दोन ओळींत लिहायचं आणि मगच पाठवायचं.

शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम तुला पाठ असेलच. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीचे आदेश तुला थांबवता येणार नाहीत. पण दोन शिक्षकी शाळेतल्या दोघांनाही बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) करू नका, एवढं तहसीलदारांना वेळीच लेखी कळवणं तुझ्या हातात आहे. कोणीतरी वेळेत सांगितलेलं नसतं, म्हणूनच पुष्कळदा तसं होतं.

आता भेटींबद्दल. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेलं निवेदन शोधून वाच. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर शाळेत येऊन गेला तर त्याचा फारसा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी शाळा पाहिली जावी आणि मधूनच न कळवताही जावं, असं त्यांनी तेव्हा मांडलं होतं. त्याच निवेदनात गावच्या शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा, अशीही मागणी आहे. देखरेख आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, आणि मला त्यातच त्यांची समज दिसते. शिक्षकाला पुरेसं द्या आणि त्याच्याकडे नीट लक्षही ठेवा.

म्हणून जा, आणि सगळ्यात लांबच्या शाळेपासून सुरुवात कर. रस्त्यालगतच्या शाळा प्रत्येक साहेब पाहतो. शेवटच्या शाळेत पोचलीस की हजेरीपट आधी उघडू नकोस. मागच्या ओळीत मुलांबरोबर बस, एक तास पूर्ण ऐक, मुलांबरोबर खिचडी खा, मग शिक्षकाशी बोल. त्याच्या अडचणी शेरेबुकात तुझ्या अक्षरात लिही आणि पुढच्या भेटीत आधी तेच पान काढ. जमलं तर एखाद्या रात्री पाड्यावरच मुक्काम कर. अंधार पडल्यावर त्या माणसाचं आयुष्य कसं असतं, हे त्याशिवाय कळणार नाही. मुख्यालयी राहण्याच्या अटीवर आपल्याकडे खूप बोललं जातं, घरभाडं त्याला जोडलेलं आहे. पण पाड्यावर राहण्याजोगी खोली आहे का, शिक्षिका एकटी असेल तर दाराला धड कडी आणि जवळ शौचालय आहे का, हे कोणी विचारत नाही. तू सरपंचांना विचार. गावाने एक चांगली खोली दिली तर शिक्षिका टिकते, हे मी पाहिलं आहे.

गैरहजर राहणारेही तुला भेटतील. स्वतः खाली शहरात राहून गावातल्या एखाद्या पोराला दोन-तीन हजार देऊन वर्गावर उभं करणारेही असतात. त्यांच्याशी मऊ वागू नकोस. त्यांच्यामुळे सगळे डोंगरातले शिक्षक बदनाम होतात आणि जो रोज दोन नाले ओलांडून वेळेवर पोचतो, त्याला आपल्या कष्टांची किंमत नाही असं वाटू लागतं. प्रामाणिक माणसाला तुझ्या शिस्तीचा आधारच वाटेल.

हजेरी घसरली की लगेच नोटीस काढायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. दिवाळीनंतर तुझ्या तालुक्यातली कुटुंबं कामासाठी गुजरातकडे जातात, मुलंही बरोबर जातात, होळीच्या आसपास परततात. मुलं आजी-आजोबांकडे मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण तिची मंजुरी स्थलांतर सुरू होण्याआधी हातात पाहिजे. जानेवारीत मंजुरी आली तर पाडा तोवर रिकामा झालेला असतो. प्रस्ताव पावसाळ्यातच तयार करून घे.

भाषेचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. धडगावच्या पाड्यांवरचं सहा वर्षांचं मूल घरी पावरी बोलतं. प्रमाण मराठी ते शाळेतच पहिल्यांदा सलग ऐकतं. लातूर-बीडकडून आलेला तरुण शिक्षकही सुरुवातीला गोंधळतो. अशा शिक्षकांतले काही जण मात्र आजीबाईंजवळ बसून शब्द शिकतात, वहीत पावरी-मराठी जोड्या लिहितात, गाणी गोळा करतात, मुलांच्याच भाषेतून पहिलं वाचन सुरू करतात. अशी वही करणारे शिक्षक तुझ्या तालुक्यात नक्की आहेत. त्यांना शोध. शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी त्यांना तासभर दे, इतरांना शिकवू दे. सपाटीवरच्या मोठ्या शाळेतल्या शिक्षकांनाही तिथे बोलाव. वरच्या शाळेतला माणूस खालच्यांना काही शिकवतो आहे, हे तालुक्याने एकदा पाहिलं की बराच फरक पडतो.

पुरस्काराबद्दल थोडंसंच. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांकडे लोकांनी नव्या नजरेने पाहिलं. पण आपले बहुतेक पुरस्कार असे, की शिक्षकाने स्वतःच प्रस्ताव भरायचा, फोटो-कात्रणं जोडायची. जो खरंच कामात बुडालेला असतो त्याला त्यासाठी वेळ नसतो, आणि स्वतःची तारीफ लिहिणं त्याला जमतही नाही. तू दोन नावं निवड आणि त्यांचे प्रस्ताव तुझ्या कार्यालयातून लिहून घे.

कमी पटाच्या शाळांचा विषय तुझ्यापुढे येईलच. २०२३ पासून समूह शाळांची, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करण्याची, चर्चा आहे आणि तोरणमाळचं उदाहरण तर तुझ्याच तालुक्यातलं. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. नकाशावरचा एक किलोमीटर आणि दरी उतरून चढायचा एक किलोमीटर वेगळे असतात. अहवाल मागितला की ती वाट स्वतः चालून मगच लिही. एखादी शाळा बंद करायची शिफारस करावीशी वाटलीच, तर आधी तिथल्या शिक्षकाला आणि पालकांना विचार.

आणखी एक. २०१८ पासून बदल्या संगणकावरून होतात आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्याला बदली मागायचा हक्क मिळतो. कोणी तो वापरून खाली गेला तर मनात राग धरू नकोस. त्याच्या जाण्याआधी त्याची ती शब्दांची वही, मुलांच्या नोंदी आणि गावातल्या ओळखी नव्या माणसाकडे नीट सोपवल्या जातील असं बघ. नव्याला एकट्याला पाड्यावर पाठवू नकोस. पहिल्या दिवशी केंद्रप्रमुखाने सोबत जावं.

पाठ्यपुस्तकं आणि तांदूळ पावसाआधी नदीकाठच्या गावांत पोचतील एवढं पहिल्याच बैठकीत पक्कं कर. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी येतात, रात्रीचा प्रवास टाळ. पहिल्या फेरीत कोणत्या शाळा घेतल्यास ते मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी