पाठ चौदावा : आपले पाऊल

आज पाठ वाचण्याआधी पाय धुवा, पण पुसू नका. ओला पाय ओटीच्या कोरड्या फरशीवर ठेवा आणि उचला. काय दिसते? पुढे चवड्याचा रुंद ठसा. मागे टाचेचा गोल ठसा. दोघांना जोडणारी बाहेरच्या अंगाची अरुंद पट्टी. बोटांचे पाच ठिपके वेगळे. आतल्या अंगाला मात्र फरशी कोरडीच राहिली. गौरी आणताना दारापासून पावले काढतात, त्यांनाही हाच बाक असतो.

तोंड आपण रोज आरशात पाहतो. डोक्याला तेल लावतो. पण जे पाऊल दिवसभर आपला भार वाहते, त्याचा तळवा आपण शेवटचा कधी पाहिला? आज तो पाहू.

१. हाडे किती?

गुडघ्याखाली हात लावा. पुढून जी धार हाताला लागते ती नडगी. तिच्यावर मांस नाही, कातडीखाली लगेच हाड. म्हणून नडगीला बाज लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हे आतल्या बाजूचे हाड जाड आहे. शरीराचा बहुतेक सारा भार तेच घेते. त्याच्या बाहेरच्या बाजूला दुसरे बारीक हाड आहे. ते भार थोडाच घेते, पण घोट्याला आधार देते.

आता घोटे चाचपा. आतला उंचवटा म्हणजे जाड हाडाचे टोक. बाहेरचा उंचवटा म्हणजे बारीक हाडाचे टोक. नीट पाहा, बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा थोडा खाली आहे. या दोन टोकांच्या बेचक्यात पावलाचे वरचे हाड बसते. बिजागरीत दार हलावे तसे पाऊल त्या बेचक्यात वरखाली हलते.

एका पावलात २६ हाडे आहेत. टाच आणि घोट्याकडची ७, मधली लांबट ५, आणि बोटांची १४. अंगठ्यात २ हाडे, बाकीच्या प्रत्येक बोटात ३. हिशोब करून पाहा. दोन्ही पावलांची मिळून ५२ झाली. मोठ्या माणसाच्या साऱ्या शरीरात हाडे २०६. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा हाडे एकट्या पावलांत!

एवढी हाडे कशाला? एकच अखंड हाड असते तर पाऊल लाकडी पाटासारखे झाले असते. वाळूत, चिखलात, शेताच्या बांधावर आणि समुद्राच्या खडपावर तोल सांभाळता आला नसता. अलिबागेस ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात. वाटेत ओली वाळू लागते, खडक लागतात, शेवाळ लागते. पाऊल दर ढांगेला जमिनीप्रमाणे आपला आकार बदलते. आपल्याला त्याची खबरही नसते.

२. कमान

फरशी जिथे कोरडी राहिली तिथे पावलाची कमान आहे. जुन्या वाड्याची दगडी कमान तुम्ही पाहिली असेल. एकेक दगड सुटा, पण एकमेकांना रेटून ते वरचा भार पेलतात. पावलाची हाडे तशीच बसली आहेत. दगडी कमान मात्र वाकत नाही, आणि ही वाकते. पाय टेकला की जरा खाली दबते, उचलला की पुन्हा वर येते.

ती ढासळत का नाही? हाडांना हाडांशी बांधणारे चिवट बंध आहेत. शिवाय टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टी ताणलेली आहे, धनुष्याला दोरी असते तशी. ही पट्टी दुखावली की सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते. दिवसभर कठीण जागी उभे राहणाऱ्यांना हे दुखणे फार. काहींचे तळवे जन्मापासून सपाट असतात. ते दुखत नसतील तर काळजीचे कारण नाही.

३. दोऱ्या आणि उघाडी

पोटरी हातात धरा आणि चवड्यावर उभे राहा. मांस कठीण झाले ना? आता पाऊल टेकवून नडगीच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवा आणि पावलाचा पुढचा भाग वर उचला. आता तिथले मांस कठीण झाले.

यावरून काय कळते? पाऊल हलवणारी मोठी ताकद पावलात नाही, ती वर नडगी-पोटरीत आहे. तिथून दोऱ्या खाली येतात आणि पाऊल ओढतात. होडीत बसलेला माणूस खालून दोर ओढतो आणि शीड वर हलते, तसेच हे उलट्या दिशेने. सर्वांत जाड दोरी टाचेच्या मागे हाताला लागते. तिला घोडशीर म्हणतात. नाव शीर असले तरी तिच्यात रक्त वाहत नाही. साऱ्या शरीरात एवढी जाड दोरी दुसरी नाही. सुपारीच्या झाडावर चढणारा माणूस पायाच्या बळावर वर सरकतो तो या पोटरीच्या आणि दोऱ्यांच्या जोरावर.

पोटरीचे आणखी एक काम आहे. हृदयाने पाठवलेले रक्त पायात उतरते. ते परत वर कसे चढावे? पोटरी आवळली की शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत पडदे आहेत. आपल्या खारबांधाची उघाडी आठवा. ओहोटीला शेतातले पाणी ती बाहेर सोडते, भरतीला मात्र मिटते. खारे पाणी आत येऊ देत नाही. शिरांतले पडदे म्हणजे छोट्या उघाड्याच. त्या निकामी झाल्या की शिरा फुगून निळ्या गाठी दिसतात. म्हणून तासन् तास एका जागी उभे राहू नये. अधूनमधून चवड्यावर उठावे, चार पावले चालावे.

४. राखणदार

हाडे झाली, बंध झाले, दोऱ्या झाल्या. आता सर्वांत मोलाची गोष्ट. ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे संवेदना.

मज्जातंतू नावाचे बारीक धागे कमरेपासून बोटांच्या टोकापर्यंत गेले आहेत. ऊन, गार, खडा, काटा, सारे तेच मेंदूला कळवतात. उथळ पाण्यात पाकटावर पाय पडला आणि त्याच्या शेपटीचा काटा लागला, तर जवान कोळीसुद्धा ओरडतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवतो आणि दवाखाना गाठतो. वेदना वाईट खरी, पण तिनेच त्याला दवाखान्यात नेले. वेदना म्हणजे पायाचा राखणदार. तो ओरडतो म्हणून आपण जागे होतो.

राखणदार मुका झाला तर? डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ साली तामिळनाडूत वेल्लोरच्या इस्पितळात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात असे तेव्हा लोक समजत. डॉक्टरांनी बारकाईने पाहिले. रोगाने तंतू मरतात आणि वेदना जाते. मग भाजले, कापले, खिळा रुतला, तरी रोग्याला कळत नाही. अशा न कळलेल्या जखमांनी बोटे जातात. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडून जात, आणि रोग्याला जाग येत नसे. म्हणून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर ते मांजर देत. आज कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळ नेरे येथे, कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे.

पण आज आपल्या गावोगाव हा राखणदार मुका करणारा दुसरा रोग आहे. त्याचे नाव मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार. रक्तात साखर फार वर्षे वाढलेली राहिली की तंतू मरू लागतात, पायाच्या लांब वाटेवरचे सर्वांत आधी. रक्ताच्या नळ्याही अरुंद होतात. जखम कळत नाही, आणि झालेली जखम भरत नाही. तंबाखू, विडी असेल तर नळ्या अधिकच आक्रसतात.

५. दादांची गोष्ट

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या घरी घडले ते सांगतो.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. दोघांनी शाळेत जाणे घराला परवडणारे नव्हते. दादांनी नांगर धरला, आणि मी मॅट्रिक झालो.

साठी उलटल्यावर दादांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद दिला. दादांनी तो घडी करून देवळीत ठेवला. त्यांना वाचता येत नव्हते. मला येत होते, मी शेजारच्याच घरात राहत होतो. पण तो कागद मी कधी उघडून पाहिला नाही.

तीन वर्षे गेली. दादा म्हणत, "पायाला मुंग्या येतात रे. कापसावरून चालल्यासारखं वाटतं."

मी म्हणे, "दादा, वय झालं आता तुमचं."

माघातली पौर्णिमा होती. उधाणाची ओहोटी लांबवर गेली होती. दादा कालवे काढायला अनवाणी खडपावर गेले. घरी आले तेव्हा वहिनींना ओटीवर रक्ताचे ठसे दिसले. दादा खाली पाहून म्हणाले, "माझंच का हे? मला तर काहीच दुखत नाही!"

कालवाच्या धारेने तळवा चिरला होता. वहिनींनी हळद दाबली. दुसऱ्या दिवशी दादा शेतावर गेले. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा साऱ्या घराचा हिशोब. माझाही तोच.

दहाव्या दिवशी घरात वास येऊ लागला. अंगठा काळा पडला होता, तळव्यात पू साचला होता. दवाखान्यात आधी दोन बोटे काढली. कुजणे वर सरकत राहिले. महिन्याभरात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

त्या रात्री मी देवळीतला कागद काढला. त्यावर दहा ओळी होत्या. पहिली ओळ : रोज रात्री दोन्ही तळवे पाहा. दुसरी : अनवाणी चालू नका. तिसरी : जखम दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. दहा ओळी वाचायला एक मिनिटही लागले नाही. मी छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवले. ज्यांनी मला शाळेत धाडले, त्यांचा एक कागद मी वाचला नाही.

गुडघा वाचला म्हणून दादांना जयपूर पाय बसवता आला. डॉक्टर सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपुरात १९६८ च्या सुमारास तो पाय तयार केला. तो घालून मांडी घालता येते, शेतातही चालता येते. दादा आता अंगणात फिरतात. खडपावर जात नाहीत.

उरलेला पाय मी रोज रात्री पाहतो. दादा पाय पुढे करतात आणि म्हणतात, "मास्तर, वही तपासा."

६. पायाची निगा

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी, आणि त्यांच्या घरच्यांनी, एवढे करावे.

रोज रात्री तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्या. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरावा, नाहीतर घरातल्या कोणाला पाहायला सांगावे.

पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. लावणीच्या दिवसांत चिखल्या होतात त्या तिथेच. तळव्याला तेल लावावे, बेचक्यांत नको.

घरातही चप्पल घालावी. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा.

पाय बधिर असेल तर गरम पाण्याने शेकू नये. पाकट लागले तरी पाण्याची ऊब दुसऱ्याने हात घालून पाहावी.

नखे सरळ कापावी. कुरूप पात्याने कापू नये.

जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे, धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारावे. हा नियम सर्वांनाच आहे. भातखाचराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. त्यातून लेप्टोचे जंतू जखमेवाटे अंगात शिरतात.

करून पाहा : डोळे मिटून बसा. घरातल्या कोणाला तुमच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना हलकेच बोट लावायला सांगा. दाबायचे नाही, चोळायचे नाही. स्पर्श कळला की सांगा. सहापैकी दोन ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.

वाचकहो, तुम्हाला आता अक्षरे लागतात. घरात फडताळात, देवळीत, कॅलेंडरामागे दवाखान्याचे कागद पडले असतील. आज ते काढा आणि ज्यांचे आहेत त्यांना वाचून दाखवा. कठीण शब्द अडला तर वर्गात घेऊन या.

शब्दार्थ

चवडा – पावलाचा बोटांमागचा रुंद भाग
घोडशीर – टाचेला पोटरीशी जोडणारी जाड दोरी
संवेदना – स्पर्श, ऊन, गार, वेदना यांची जाणीव
मज्जातंतू – जाणीव मेंदूकडे नेणारे धागे
बधिर – ज्याला स्पर्श कळत नाही असा

प्रश्न

१. एका पावलात किती हाडे असतात? बोटांत किती?
२. शिरांतल्या पडद्यांना उघाडीची उपमा का दिली आहे?
३. वेदनेला राखणदार का म्हटले आहे?
४. दादांचा पाय कोणकोणत्या वेळी वाचवता आला असता? तीन वेळा सांगा.
५. आज घरातल्या एका माणसाचे तळवे पाहा. काय दिसले ते चार ओळींत लिहून आणा.